टोपलीतलं मशीन

शेवंताबाईला कोणी विचारलं की हाताला काय झालं, तर ती प्रत्येकाला वेगळं सांगायची. पोरांना म्हणायची, तलावात मगर होती, तिनं खाल्ला. आमच्या तलावात मगर कधीच नव्हती, पण पुढं बरेच दिवस पोरं पाय न बुडवता काठावर बसूनच आंघोळ करत होती. एकदा पाटलीणबाईंनी फार हळहळून विचारलं, "कुठी गेले ओ बाई तुझे बोटं?" शेवंताबाई म्हणाली, "तुमच्याच घरी आले असन. त्या साली तुमी मिलचा तांदूळ घेतला ना? नीट निवडून पाहत जा." त्या दिवशी पाटलीणबाई जेवल्या नाहीत, असं त्यांच्या घरी काम करणारीनं विहिरीवर सांगितलं. आम्ही सगळ्या हसलो. शेवंताबाई हसली नाही, तिनं घागर उचलली आणि गेली.

खरं इतकंच होतं की ती मूल गावाच्या बाजूला एका राइस मिलमध्ये कोंडा झाडायच्या कामावर होती आणि मशीनच्या पट्ट्यानं तिचा उजवा हात ओढला. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं गेली. करंगळी आणि तिच्या जवळचं एक बोट राहिलं. ती सातवी शिकली होती. गावातल्या बुद्धविहारावरची पाटी तिनंच हात चांगला होता तेव्हा रंगवली होती. अक्षर असं की वाटावं कोणी ओळीत मोती मांडून ठेवले. लोक पाटीकडे बघून म्हणायचे, काय अक्षर होतं बिचारीचं. तिला हा 'बिचारी' शब्द चालत नसे. "अक्षर गेलं म्हणा," ती म्हणायची. "मी इथीच हावो."

दुसराही एक शब्द तिला चालत नसे. हात गेल्यावर ती नवऱ्याचं घर सोडून आमच्या गावी, तिच्या माहेरी, भावाकडे राहायला आली. बाया तिला टाकलेली म्हणायच्या. ती थांबून, समजावून सांगितल्यासारखं सांगायची, "मी सोडून आली. मले कोणी टाकलं नाई. मी काय टोपलं हावो का टाकाले?"

तिच्या आणि आमच्या घरामधे एक वाट आणि एक वांग्याची वाडी होती. ती बौद्ध, आम्ही ढीवर, तलावातले मासे धरणारे. माझी सासू तिच्या घरचं पाणी पीत नसे. मी नवी सून होते तेव्हापासून कमी बोलायची. चार बाया बसल्या की मी पाचवीच्या मागं बसायची. चौथीपर्यंत शिकलेली होते, पण ते घरात कोणाला फारसं आठवत नव्हतं, कारण वाचायला काही येतच नव्हतं. ओळख झाली ती एका शेळीमुळं.

आमची शेळी तिच्या वांग्याच्या वाडीत शिरायची. शेवंताबाईनं तोंडानं सांगून पाहिलं, सासूनं ऐकून घेतलं नाही. मग एक दिवस कोणीतरी आमच्या दाराच्या फटीत एक कागद खोचून गेलं. टाइप केलेला कागद. आमच्याकडे टाइप केलेला कागद म्हणजे सरकार. कोतवाल घेऊन येतो तो, जंगल खात्याचा असतो तो. सासूनं तो पाहिला आणि मटकन खाली बसली. सासऱ्यांनी आधी जाळं उचलून आत नेलं आणि कोंड्याखाली लपवलं. त्यांना वाटलं तलावाचा ठेका गेला. मग कोणाला काही सुचेना, तेव्हा मी हळूच म्हटलं, मी वाचू का.

कागदावर लिहिलं होतं, 'आपणास क विण्यात येते की आपली शे ी आमच्या वाडीतील वांगी खाते. तरी तिचा त्वरित बंदोबस्त करावा. अन्यथा कारवाईस हजर राहावे.' दोन ठिकाणी एका अक्षराची जागा कोरी होती, पण वांगी खाते म्हटल्यावर ते कोण आहे हे कळत होतं. मी सांगितलं, सरकारनं नाही लिहिलं, हे शेजारच्या शेवंताबाईंनी लिहिलं असेल. सासऱ्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प झाले. ते म्हणाले, छापाच्या अक्षरात बाई कशी लिहीन? त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, शेळीच्या गळ्यात दोरी घातली आणि शेळी घेऊन पटवाऱ्याच्या गावी निघाले. हजर राहावे असं लिहिलं होतं, म्हणून त्यांनी शेळीला हजर केलं.

संध्याकाळी दोघं परत आले. पटवारी इतका हसला होता म्हणे, की त्यानं शेळीला गूळ दिला. सासरे मात्र हसले नाहीत. त्या दिवसापासून शेळी खुंट्याला बांधली गेली ती कायमची. पटवारी हसला तरी कागद तो कागद, असं त्यांचं मत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवर जायच्या निमित्तानं तिच्या घरी गेले. मला ते कोरं अक्षर विचारायचं होतं, पण जाऊन दारातच उभी राहिले. ती जमिनीवर बसली होती. पुढं धान मोजायची पायली उपडी ठेवलेली, त्यावर पाट आणि पाटावर टाइप करायचं एक काळं मशीन. डाव्या हाताची पाची बोटं आणि उजव्याची ती दोन, अशी ती चालवत होती. कोंबडी पत्र्यावरचे दाणे टिपते तसा आवाज. ओळ संपली की घंटी वाजायची, मग ती उजव्या हाताच्या कोपरानं मशीनचा वरचा भाग ढकलायची. दाराशी दोन-तीन पोरं फक्त त्या घंटीसाठी बसलेली.

माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "शेयीची सून ना तू? ये."

मी विचारलं, ते अक्षर का सोडलं. तिनं एक बटण दाबून दाखवलं. काडी वर आली आणि मधेच लटकली. तिच्या टोकावर अक्षरच नव्हतं. "ळ तुटला हाये हिचा," ती म्हणाली. "मले पेन धरता येत नाई, तिले ळ येत नाई." मग तिनं पेन माझ्यापुढं सरकवला. "तुले येते ना? भर."

मी तिच्याजवळच्या कागदातले सगळे ळ भरले. तेव्हापासून ते काम माझं झालं. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत जुनी माणसं तसाही ळ म्हणत नाहीत, कोणी य म्हणतं, कोणी र. शेवंताबाई म्हणायची, हे मशीन आपल्याच गावचं दिसते.

मशीन तिला कसं मिळालं ते तिनं मला वाती वळता वळता सांगितलं. वाती म्हणजे दिव्याच्या नव्हे, जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या, मशीनचा दात न् दात पुसायला. हात गेल्यावर, आमच्या गावी यायच्या आधी, ती चंद्रपूरला मावशीकडे राहून टायपिंगच्या क्लासमध्ये गेली. क्लासचे सर म्हणाले, बाई, टायपिंगला दहा बोटं लागतात. ती म्हणाली, "सर, तुमी फी माणसाची घेता का बोटाची?" सरांनी तरी नाव लिहून घेतलं नाही. मग ती तिथंच झाडायच्या कामाला लागली. मशीन पुसायची, शाईची पट्टी बदलायची, आणि क्लास सुटला की बसायची. सरांना कळत होतं, ते बघून न बघितल्यासारखं करायचे. वर्षभरानं त्यांनी तिला परीक्षेला बसवलं. ती पास झाली, पण नोकरी कोणी दिली नाही. जाताना तिनं अडगळीत पडलेलं, ळ तुटलेलं मशीन मागून घेतलं.

क्लासमध्ये सरावाला जे उतारे असायचे ते सगळे सरकारी पत्रांचे. तिच्या बोलण्यात ते येऊन बसले होते. वाडीच्या पलीकडून हाक मारायची, "यशोदे, तुला कळविण्यात येते की भाजी झाली आहे." भावाच्या पोराला रागवायची, "उपरोक्त पोरानं पुन्हा चिखलात पाय घातला." ती हे गंमत म्हणून बोलायची की सवय म्हणून, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एकदा मी धीर करून म्हटलं, की हातानं लिहिलेल्यात माणूस दिसतो, तुमचं ते पाटीवरचं अक्षर मला आवडतं. ती मशीनवरचं हिरवं फडकं नीट करत राहिली. मग म्हणाली, "माणूस दिसते, म्हणूनच तं वाचत नाई ते ऑफिसातले. अर्ज हातात घेतला का पह्यले पाहते, हे कोनाचं वाकडंतिकडं हाये, कोन्या मोहल्ल्यातलं हाये. मंग ठेवते खाली. मशीनचं अक्षर पाहून काई समजत नाई त्याईले. बाईचं हाये का साहेबाचं हाये. वाचाच लागते."

तिचा नवरा तिला न्यायला आला तेव्हाही मी तिथंच होते, चुलीजवळ. सोबत दोन माणसं आणली होती. तिनं सगळ्यांना चहा दिला. नवरा बोलत राहिला, झालं गेलं विसर, घरी चल, लोक काय म्हणतात. ती उठली, मशीनवर कागद चढवला, एक ओळ टाइप केली आणि त्याच्या हातात दिली. त्याला वाचता येत नव्हतं. "काय लिवलं?" त्यानं विचारलं.

"तोंडानं सांगतलं ते तुमाले आयकू येत नाई," ती म्हणाली. "आता कोनापासून वाचून घ्या."

सोबतच्या दोघांनाही वाचता येईना. माझ्याकडे बघितलं तर मी पदर पुढं ओढला. शेवटी त्यानं तो कागद एसटीच्या थांब्यावर एका मास्तरकडून वाचून घेतला, आणि थांब्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं, 'मी येणार नाही. शेवंता.' तो पुन्हा आला नाही. त्या ओळीत एकही ळ नव्हता. माझी गरज पडली नाही याचं मला तेव्हा थोडं वाईट वाटलं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत. पाचवीला नाल्यापलीकडच्या गावी जावं लागे, मधे जंगल. पोरं जायची, पोरी घरी बसायच्या. मी जिथं लहानाची मोठी झाले ते गाव वैनगंगेपलीकडे, आता गडचिरोली जिल्ह्यात गेलं, तिथंही असंच होतं. म्हणून मी चौथी. माझी लेक ललिता त्या वर्षी चौथीत होती. शाळेतून आली की पुस्तक तोंडाजवळ धरून झोपायची. सासू म्हणायची, पुढच्या वर्षी हिला माझ्याबरोबर बाजारात मासे विकायला नेईन. ललिता काही बोलायची नाही. माझ्यावरच गेली होती. मी पण काही बोलायची नाही, पण मला रात्रंदिवस एकच होतं, जूनमध्ये शाळा उघडेल आणि ही टोपली घेऊन निघेल.

गावानं पाचवीचा वर्ग मागणारे अर्ज आधी दिले होते, हातानं लिहिलेले. तालुक्याच्या ऑफिसात एक बाबू म्हणाला होता, हे अक्षर आहे की बैल चालता चालता मुतला. आणि ते अर्ज कुठे गेले कोणास ठाऊक. शेवंताबाईनं हे ऐकलं आणि म्हणाली, आता मी करते. बौद्ध मोहल्ल्यातल्या आणि आमच्या ढीवर मोहल्ल्यातल्या मिळून बाया जमवल्या. तसं आधी कधी झालं नव्हतं. माझी सासू आली ती फक्त काय चाललंय ते बघायला, आणि राहिली.

अर्ज सुंदर झाला होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'सदर ग्रामातील विद्यार्थिनी', 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा'. मी त्यातल्या प्रत्येक शाळेचा ळ निळ्या पेननं भरला. बाया सगळ्या मिळून तालुक्याला गेल्या. मीही गेले, मागं.

साहेबांनी अर्ज वाचला. रागीट माणूस नव्हता तो. आम्हाला बसाही म्हणाला. पण वाचून झाल्यावर तो हसला आणि विचारलं, कोणी लिहून दिलं?

शेवंताबाई म्हणाली, आमी.

तो म्हणाला, बाई, हे शब्द तुमचे नाहीत, हे मला समजतं. कोणत्या पक्षाचा माणूस आहे मागं? मग त्याचं लक्ष ळ कडे गेलं. आणि ही पेननं खाडाखोड कोणी केली, त्यानं विचारलं. मी खाली बघत राहिले. त्यानं कागद टेबलाच्या कडेला ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "ज्यानं लिहिलं त्याला पाठवा. त्याच्याशी बोलतो."

संध्याकाळच्या एसटीनं परतलो. शेवंताबाई खिडकीबाहेर बघत होती. गावची घरं दिसली तेव्हा ती म्हणाली, "हातानं लिवलं तं वाचता येत नाई. मशीननं लिवलं तं तुमचं नाई. म्हणजे आपलं कोनतंच नाई." सासूनं मान हलवली. त्या दिवशी माझ्या सासूनं शेवंताबाईच्या घरी पाणी पिलं. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

दोन दिवस शेवंताबाई वाडीतच राबत होती. मशीन फडक्याखाली झाकलेलं. मला वाटलं तिनं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाडीच्या कडेला आली तेव्हा डोक्यावर टोपली होती, खाली चुंबळ, आणि टोपलीत हिरवं फडकं.

"चाल," ती म्हणाली. "ज्यानं लिवलं त्याले साहेबानं बोलावलं हाये."

मशीन फार जड होतं. रस्त्यात सोबत निघालेल्या बायांनी आळीपाळीनं घेतो म्हटलं, तिनं कोणाला दिलं नाही. एसटीत कंडक्टरनं टोपलीकडे बोट दाखवून विचारलं, "काय हाये यात बाई? मासोळ्या हाये का? वास मारीन."

"माह्यं तोंड हाये," ती म्हणाली. कंडक्टर पुढच्या बाकड्याकडे गेला.

ऑफिसच्या व्हरांड्यात शिपायाचं स्टूल होतं. तिनं त्यावर मशीन ठेवलं आणि समोर मांडी घालून बसली. शिपाई म्हणाला, इथं बसायचं नाही. तिनं त्याला ऐकवलं की साहेबांनीच बोलावलं आहे, आत विचारून या. तो आत गेला. ती कागद चढवायला लागली. कागद सरळ धरायला मी पुढं वाकले, कारण ते एका हाताचं काम नाही. मग तिनं मागं वळून बायांना सांगितलं की आता उपरोक्त नाही न् सदर नाही. जिला जे म्हणायचं ते म्हणा, जसं म्हणाल तसं लिहीन.

बाया पदर सावरून पुढं सरकल्या. मग भागरथाबाई म्हणाली, "पावसात नाल्याले कमरीएवढं पाणी राह्यते. पोरी पाण्यावर तरंगाले डोंगे हाये का?" खट् खट् खट्. घंटी वाजली. घंटीबरोबर दोन बाबू दारात आले. एकीनं सांगितलं की जंगलात अस्वल राहते, मागच्या साली लाकडं आणायला गेलेल्या बाईला फाडलं, तर सरकारला अस्वलाला पाचवी शिकवायची आहे का? बाबू हसले. शेवंताबाईनं तेही टाइप केलं. माझी सासू पुढं आली आणि म्हणाली, "मले मासे तोलता येते, पन तोललं किती ते लिवता येत नाई. नातीनं तरी लिवावं." मी सासूकडे बघत राहिले. घरी तिनं असं कधी म्हटलं नव्हतं.

साहेब बाहेर आला. त्यानं मशीनमधला कागद वाकून वाचला. अस्वलाजवळ थांबला. "बाई, हे असं लिहायचं नसतं."

"बोलली ते लिवून राह्यली मी," शेवंताबाई म्हणाली. बोटं थांबली नाहीत. "परवा म्हनलं शब्द तुमचे नाई. आज पाहा, कोनाचे हाये. जिचं वाक्य हाये, ते समोरच उभी हाये."

मग ती माझ्याकडे वळली. सगळे माझ्याकडे वळले. व्हरांडा भरला होता. तिनं आवाज हळू केला. "मशीनले लाज नसते, यशोदे. तिच्याकडे पाहून सांग."

मी मशीनकडे बघितलं. तो लटकणारा ळ चा दांडा दिसत होता. मी म्हटलं, माझी शाळा चौथीत सुटली, माझ्या लेकीची सुटू नये. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, पण तिला आला. तिनं ते टाइप केलं, शा लिहिलं, जागा सोडली, काना दिला. मग कागद ओढून काढला आणि पेन माझ्या हातात दिला.

मी स्टुलावर कागद ठेवून ळ भरायला लागले. साहेब डोक्यावर उभा. पहिला ळ वाकडाच झाला. साहेबानं विचारलं, हे पेननं का?

"मशीनले ळ येत नाई," शेवंताबाई म्हणाली. "तिले येते."

तो आत गेला. आम्हाला वाटलं झालं. थोड्या वेळानं शिपाई आला आणि म्हणाला, कागद द्या, साहेब पोच देतात. पोचवर शिक्का होता. तो शिक्का सासूनं एसटीत सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवला. सासरे घरी वाट बघत होते. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, हे मात्र सरकारी आहे.

वर्ग जूनमध्ये आला नाही. दिवाळीनंतर, धान कापणी झाल्यावर आला, विहाराच्या ओसरीत, एका मास्तरावर. तोवर भागरथाबाईची पोर मामाच्या घरी धान रोवण्याच्या कामाला गेली होती, ती परत आली नाही. शेवंताबाई पहिल्या दिवशी ओसरीसमोर उभी राहिली, पोरी मोजल्या, आणि तिचं तोंड वाकडं झालं. मास्तर म्हणाले, बाई, तुमच्यामुळं झालं. ती म्हणाली, "उशिरा झालं. ते पण लिवा कुठीतरी." ललिता मात्र पुढच्या रांगेत बसली होती. वर, तिच्या डोक्यावर, शेवंताबाईनं रंगवलेली पाटी.

नंतर चंद्रपूरच्या त्याच क्लासच्या सरांनी शेवंताबाईला शिकवायला बोलावलं. गावातले म्हणाले, आता कशाला जाता, म्हातारपण आलं. ती म्हणाली, मशीनला विचारते. दुसऱ्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन गेली. वाडी मला देऊन गेली. वांगी अजून लावते मी तिथं.

ललिता दहावी झाल्यावर मी तिला घेऊन क्लासमध्ये गेले. क्लास मोठा झाला होता, आणि आत काचेची एक खोली केली होती, गार हवेची. तिच्यात कंप्युटर. खोलीबाहेर चपला काढायच्या असा बोर्ड होता. धुळीनं यंत्र बिघडतं म्हणून सर स्वतः अनवाणी आत जायचे. ललितानं चपला काढल्या, मीही काढल्या.

शेवंताबाई आत बसली होती. केस पांढरे झाले होते. आमच्याकडे बघून तिनं मान हलवली, जणू कालच भेटलो होतो. "ये यशोदे. हिले आवाज नाई," ती कंप्युटरकडे बघून म्हणाली. "लिवलं तं बाजूच्याले समजत नाई का लिवून राह्यली म्हणून. पन बोटं दुखत नाई. दोनच बोटानं होते." सर म्हणाले, बाईंना अजून टाइपरायटरच आवडतो. ती म्हणाली, "मले जे लिवते ते आवडते, सर. पेन धरता येत असता तं पेनानंच लिवलं असतं."

मग तिनं ललिताला जवळ बसवलं आणि काहीतरी लिहायला लागली. पडद्यावर हिरवी अक्षरं आली. मी ओळखलं. माझं वाक्य होतं, व्हरांड्यातलं. तिनं इतकी वर्षं ते लक्षात ठेवलं होतं. छापणारं यंत्र कर्र कर्र करत चाललं आणि कडेला भोकं असलेला कागद बाहेर आला. सगळी अक्षरं होती, शाळेचा ळ पण. तिनं तो कागद हातात धरला, बघितला, आणि घडी करून बाजूला ठेवला. पुन्हा बसली. एक बटण दाबलं. कागद पुन्हा आला. या वेळी शाळेतली मधली जागा कोरी होती.

सर वाकून म्हणाले, "बाई, अक्षर राहिलं. चूक झाली."

"चूक नाई," ती म्हणाली. "जागा ठेवली."

तिनं सरांच्याच खिशातला पेन मागितला आणि मला दिला. मी ळ भरला. ललिता बघत होती. या वेळी ळ वाकडा झाला नाही.

आम्ही निघालो तेव्हा ती आत वळली होती, कोणत्या तरी मुलीला बोटं कशी ठेवायची ते दाखवत होती, तिची दोन बोटं वर धरून. काचेबाहेर सगळ्यांच्या चपला ओळीनं लावलेल्या होत्या. मी माझ्या शोधल्या, ललिताच्या शोधल्या. शेवंताबाईच्या चपला तिथं नव्हत्या. मी काचेतून खाली बघितलं. त्या तिच्या पायातच होत्या.